कोणाच्या खोलीचं तापमान

आमच्या घरात बर्फाची चेष्टा चालत नसे. बाबा नवेगाव बांधला मच्छीमारांच्या संस्थेत होते. तलावातून आलेली मासळी तोलायची, टोपल्यांत भरायची आणि नागपूरकडे रवाना करायची, हे त्यांचे काम. बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून यायच्या. बाबा लाकडी मोगरीने त्या फोडत, चुऱ्यावर मूठभर खडे मीठ टाकत आणि मग एक थर मासळी, एक थर बर्फ अशी टोपली भरत. मीठ पडले की बर्फ जास्त कडक चावतो, असे ते म्हणायचे. त्यांच्या हातची टोपली भर मे महिन्यातही नागपूरला ताजी पोचायची. "ज्याच्यात जीव होता, त्याले थंडी पायजे," हे त्यांचे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते मला पाढ्यासारखे पाठ आहे.

दिवसभर बर्फ फोडणारे हेच बाबा संध्याकाळी पत्रके लिहीत. तेंदूपत्त्याची मजुरी, तलावाचा ठेका, भूतबाधेच्या नावाखाली बायकांना होणारी मारहाण, असे विषय. आमच्याच भागातल्या गोरेगावच्या छापखान्यात ती गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर छापली जायची. इतर मुले बाराखडीनंतर गोष्टींकडे जातात, मी पत्रकांकडे गेले. 'धिक्कार' हा शब्द मला 'धबधबा'च्या आधी लिहिता आला. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी 'आमच्या मागण्या' असायच्या आणि लहानपणी मला वाटायचे की जगातला प्रत्येक मजकूर असाच संपतो: आधी अन्याय, मग मागण्या.

आमचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या वर्षी बाबांनी 'जिल्हा दिला, आता दवाखाना द्या' असे पत्रक काढले. त्यातली एक मागणी स्त्रियांच्या आजारांसाठी कायमचा डॉक्टर नेमा, अशी होती. ते पत्रक वाटायला त्यांनी मला गोरेगावच्या आठवडी बाजारात नेले. मी ओरडून ओरडून वाटले. परतताना पाहिले तर एका मिरचीवालीने त्याच गुलाबी कागदात मिरच्या बांधून दिल्या होत्या. मला रडू आले. बाबा हसले.

"रडून कायले राहिली? वाचल ना घेणारी. मिरच्या संपल्या का वाचल."

त्यांचा यावर खरोखर विश्वास होता. माझाही बसला.

पत्रकांच्या घड्या घालण्याचे काम आईचे. ती सातवीपर्यंत शिकली होती, पण मजकूर सोडून थेट शेवट वाचायची.

"या खेपेले किती मागन्या?"

"पाच," बाबा सांगायचे.

"मागच्या पाचाचं काय झालं?"

बाबा घड्या घातलेला गठ्ठा सारखा करायला लागायचे.

"बरं. मंग त्याच असू द्या. शिळ्या नाई होत त्या."

आईचे पोट फुगायला लागले तेव्हा मी नागपूरला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. भूक मरत होती आणि कंबर वाढत होती. गावातल्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्यावर दुसऱ्या रंगाच्या दिल्या. शेजारची काकू बोअरिंगवर पाणी भरताना सगळ्यांसमोर म्हणाली, "काऊन वो, नातवाच्या वयात पाळणा हालवतं का?" आई म्हणाली, "हालवीन ना. पोट्टं तुह्याच घरी आणून ठेवीन, तुले कामधंदा नाई." बायका हसल्या. आईही हसली. परकराची नाडी बांधता येईना तेव्हा तिने नाडीला दोरीचा तुकडा जोडला आणि ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. दिवाळीत मी घरी आले, दोरीवर वाळत घातलेल्या परकराकडे पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी तिला बसमध्ये बसवून नागपूरला आणले.

अंडाशयाचा कर्करोग होता आणि तो पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला होता. ज्या डॉक्टरची मागणी बाबांनी मी शाळेत असताना केली होती, ती नेमणूक झालेली नव्हती. मी हे सूडाने लिहीत नाही. तो डॉक्टर असता तर आई वाचलीच असती, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. या आजाराचे हेच तर कपट आहे, तो शहाण्या डॉक्टरांनाही उशिरा कळतो. पण दोरीचा तुकडा जोडण्याआधी तिला कोणाला तरी दाखवता आले असते, एवढे मी सांगू शकते.

शस्त्रक्रिया झाली, सलाईनमधून औषधे झाली, केस गेले आणि परत आले. बाबांनी त्या काळात एकही पत्रक लिहिले नाही. एकदा कोरा कागद समोर ठेवून बसले होते. मी विचारले तर म्हणाले, "मागनी कोणाकडं करू, तेच समजून नाई राहिलं."

तेव्हा मी ठरवले की मागणी करायची जागा मी शोधीन. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत अंडाशयाच्या कर्करोगावर काम सुरू होते, तिथे मी प्रकल्प सहायक म्हणून लागले.

काम असे होते. गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्तात वाहत जातात. दुसरीकडे जाऊन रुजतात, तेव्हा आजार परत येतो. एका नळीभर रक्तात कोट्यवधी पेशी असतात आणि त्यांत या सुटलेल्या पेशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, कधी एकही नाही. त्या पकडायच्या. पकडण्यासाठी बारीक चुंबकी कण असतात, ते फक्त त्याच पेशींना चिकटतात. मग त्या पेशी रंगवायच्या, अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, आणि त्यांच्या अंगावर कोणकोणती प्रथिने आहेत ते तपासायचे. त्यांतले एखादे प्रथिन असे निघाले की जे निरोगी पेशीवर नाही, तर त्यावर नेम धरून औषध बनवता येईल. आज नाही, पुढे कधीतरी.

मी हे आईला समजावून सांगितले तेव्हा ती छपरीत बाजेवर बसून मरळ साफ करत होती. तिने सगळे ऐकले.

"म्हंजे मासोळीसाठी टाकते तसं रक्तात जारं टाकता तुमी."

"हो."

"आन सापडली का पाहता, हिले कोणता गळ लागते."

"अगदी तेच."

"मंग येवढं शिकून तू ढिवराचंच काम करून राहिली," ती म्हणाली आणि बाबांना हाक मारली. "ऐकलं का जी? पोरगी नागपुरात जाऊन जारंच टाकते. इथं तलाव का कमी होता?"

दीड-दोन वर्षांनी तिच्या पोटात परत पाणी भरले.

डॉक्टरांनी दुसरे औषध सुचवले आणि ते सुचवताना आमच्याकडे न पाहता फाइलकडे पाहिले. मला त्या पाहण्याचा अर्थ कळत होता. एकदा परत आलेली गाठ दुसऱ्या औषधाला क्वचितच पुरती दाद देते. मी त्या वेळी प्रयोगशाळेत रोज दुसऱ्या बायकांच्या पेशी पाहत होते, आणि एक दिवस लक्षात आले की या सगळ्या बायका नागपूर शहरातल्या आहेत. एकही आमच्याकडची नाही. गोंदियाची नाही, गडचिरोलीची नाही. मी प्रकल्पाच्या प्रमुख मॅडमकडे गेले.

"रक्त काढल्यापासून काही तासांत इथं यायला हवं," त्या म्हणाल्या. "भंडाऱ्यापलीकडून ते येत नाही."

"मासळी येते, मॅडम."

"काय?"

"भंडाऱ्यापलीकडून रोज मासळी येते. ताजी येते. या शहरातले लोक ती खातात. आमच्या तलावातली मासोळी तुमच्या ताटात पोचते आणि आमच्या बाईचं रक्त तुमच्या टेबलावर पोचत नाही, याला मी अंतर म्हणणार नाही."

"तू भाषण चांगलं करतेस," मॅडम म्हणाल्या. "पण अंतर हे अंतरच असतं."

"मग औषध कोणाच्या पेशी पाहून बनणार? आमच्या बायका कोणत्याच अभ्यासात नाहीत. त्यांच्या पेशी अशाच असतील कशावरून?"

"कदाचित अशाच असतील."

"कदाचित हे शास्त्र आहे का?"

हे बोलताना माझा आवाज चढला होता आणि शेजारच्या खोलीतली मुले दारात आली होती. मॅडमनी मला बाहेर काढले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. त्यांनी कपाट उघडले. त्यांच्याकडे आत औषध भरलेल्या काही खास नळ्या होत्या, महाग, त्यांत रक्तातल्या पेशी एकदोन दिवस शाबूत राहतात. त्यांतली एक काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"एक नमुना. तिकडून येऊ दे. मोजण्यालायक पोचला तर तुझ्या जिल्ह्यातल्या बायकांना घेऊ. पण एक अट. तू आणायचा नाहीस. तू आणलास तर तो तुझा नमुना झाला. उद्या एखादी बाई तुझ्याशिवाय पाठवेल तसाच तो यायला हवा. सूचनांचा कागद जाईल सोबत, त्यापलीकडे तू काही सांगायचं नाहीस. तपासणारही दुसरीच."

अट न्याय्य होती. मी ती पाळली. एक शब्द जास्तीचा बोलले नाही. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला न्याय्य अट मोडता येत नाही.

नमुना आईचा असणार होता. नवे औषध सोमवारी सुरू व्हायचे होते, आणि औषध सुरू होण्याआधीचेच रक्त अभ्यासाला चालते. म्हणजे संधी एकच होती. संमतीचा कागद मी आधीच घरी नेऊन तिला वाचून दाखवला होता. 'या अभ्यासातून आपल्याला वैयक्तिक फायदा होणार नाही' या वाक्याशी तिने मला थांबवले.

"हे बरं लिवलं. सरळ. तुह्या बाबाच्या पत्रकात बी असंच लिवाले पायजे होतं, इतके वर्स आशा तरी नसती लागली."

"मग नको म्हणतेस का?"

"नको कायले? माह्या रक्तानं आपल्याकडच्या बाकीच्या बाया घेतील ना तुही मॅडम?"

"पेशी शाबूत पोचल्या तर घेतील."

"पोचतील ना. तुहे बाबा नेऊन राहिले, मंग कायची काळजी? त्याहिच्या हातचं आजवर काई सडलं का?"

तिने सही केली. ठसठशीत, पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट.

मे महिना होता. आमच्याकडचा मे ज्याने पाहिला नाही त्याला मी तो सांगू शकत नाही. पत्र्याखाली ठेवलेले मेण आकार सोडते, एसटीच्या खिडकीची सळई धरवत नाही. गावातल्या लॅबवाल्या मुलीने सकाळी घरी येऊन आईचे रक्त त्या नळीत काढले. सोबतच्या छापील कागदावर मराठीत सूचना होत्या. नळी हलकेच उलटसुलट करा. नाव लिहा. आणि मग: 'नळी खोलीच्या तापमानाला ठेवा.'

बाबांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले, असे आईने मला नंतर सांगितले. नळी हातात घेऊन ते खोलीत गेले, बाहेर आले. वर पत्रा तापला होता. भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. या खोलीच्या तापमानाला मासळी सकाळची दुपारपर्यंत टिकत नाही. त्यात हे तर रक्त, आणि तेही त्यांच्या बायकोचे. कागद लिहिणाऱ्याने काहीतरी अर्धवट लिहिले आहे, असे त्यांना वाटले. अर्धवट सरकारी कागद त्यांनी आयुष्यभर वाचले होते आणि त्यातली राहिलेली अक्कल आपल्या पदरची घालायची त्यांना सवय होती. ते संस्थेत गेले, थर्माकोलचा नवा डबा घेतला, बर्फ अगदी बारीक फोडला आणि नेहमीपेक्षा जास्त मीठ टाकले. नळी मधोमध उभी केली. कोहमाऱ्याच्या फाट्यापर्यंत डबा मांडीवर, तिथून नागपूरच्या बसमध्येही मांडीवर. ऊन येईल तसे ते बाजू बदलत बसले होते.

मी प्रयोगशाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उभी होते. फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना अडवले.

"क्या है चाचा, मच्छी लाए क्या?"

"मच्छी नाही. खून है. औरत का खून."

"क्या?" तो दोन पावले मागे सरकला.

"तपासने का खून. मेरी बेटी यहाँ साइंटिस्ट है."

बाबा वर आले. टोपी काढून घाम पुसला आणि नमुने घेणाऱ्या मुलीच्या समोर टेबलावर डबा ठेवून झाकण उघडले. मी दारात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी आजवर कोणत्याही सभेत, कोणत्याही मोर्च्यात पाहिलेले नाही.

"पाय," ते मला म्हणाले. "बर्फ आजूनबी तसाच हाय."

त्या मुलीने नळी उचलली. नळीवर पांढरे हिम धरले होते आणि आतले रक्त हलत नव्हते.

मला त्याच क्षणी कळले. मिठाच्या बर्फात पाणी गोठण्याच्याही खाली तापमान जाते. रक्त गोठते, आणि गोठताना पेशी फुटतात. सगळ्या पेशी, चांगल्या आणि वाईट. बाबांनी विचारले, "तुह्या मायले काय सांगू?" मी म्हटले, "वेळेत पोचलं म्हणून सांगा." ते खरे होते. मी त्यांना बसपर्यंत पोचवून आले.

नियमाप्रमाणे नळीतले रक्त वितळू दिले आणि नळी यंत्रात फिरवायला ठेवली. फिरवल्यावर वरचा थर पिवळसर निघायला हवा. तो लाल निघाला, होळीला पळसफुले भिजत घातलेल्या पाण्यासारखा. मुलीने मॅडमना बोलावले. मॅडम बराच वेळ नळी उजेडापुढे धरून उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी नळीवर बाद झाल्याची आडवी रेघ ओढली.

माझा राग कोणावर काढावा हे मला कळत नव्हते. मी तो सूचनेच्या कागदावर काढला. "कोणाच्या खोलीचं तापमान, मॅडम?" मी विचारले. "तुमच्या? ही खोली बघा, इथं एसी आहे, मे महिन्यात मी इथं स्वेटर घालते. ज्याने हे लिहिलं त्याला जगात खोल्या वेगवेगळ्या असतात हे माहीत नव्हतं का?"

मॅडम म्हणाल्या, "आकडा लिहायला हवा होता." त्यांनी पेन घेऊन त्या छापील ओळीखाली लिहिले: पंधरा ते तीस अंश. मग पेनाला टोपण लावले. त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा थकलेल्या दिसल्या. पण आडवी रेघ आडवीच राहिली.

रविवारी मी घरी गेले. मला खोटे बोलता येत नाही, असे मी गर्वाने म्हणत आले होते. 'छापायचं ते खरं' हा आमच्या घरचा एकच संस्कार. त्या दिवशी बसमध्ये मला तो संस्कार देणाऱ्या माणसाचा पहिल्यांदा राग आला, आणि त्याच माणसाला मी दुखवायला चालले होते.

आई छपरीत बाजेवर पडली होती. नवे औषध आदल्या सोमवारी सुरू झाले होते आणि तिच्या ओठांना फोड आले होते. तिने पाणी मागितले. मी कोपऱ्यातल्या माठातून गडूभर दिले. बाबा उंबऱ्याशी बसून जाळ्याचा तुटलेला फास गाठत होते.

"निंगाल्या का माह्या पेशी?" आईने विचारले. धानाची रोपे, पऱ्हे, उगवले का असे विचारावे तसे.

"नाही."

"एकबी नाई?"

"पाहताच आलं नाही. रक्त गोठलं होतं. गोठल्यावर सगळं फुटतं. बर्फामुळं..."

बाबांचा हात थांबला. मी त्यांच्याकडे पाहिले नाही, पण गाठ मारताना होणारा दोऱ्याचा आवाज थांबला.

आई लगेच म्हणाली, "म्याच सांगतलं होतं बर्फ टाका म्हून. हे नाई म्हणत होते."

"अवो, तू कवा..." बाबा बोलू लागले.

"तुमी चूप राहा. म्याच सांगतलं."

तिने आयुष्यात बाबांना बर्फाबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. आमच्या घरात बर्फ बाबांचा होता, जशी चूल तिची. हे तिला माहीत होते, मला माहीत होते, बाबांना माहीत होते. बाबा उठले, जाळे तिथेच टाकून अंगणात गेले आणि सायकलला टेकून रस्त्याकडे पाहत उभे राहिले. सायकल घेऊन ते कुठे गेले नाहीत.

आईने उजवा हात माझ्यापुढे केला. कोपराच्या आत निळे-काळे डाग होते. शीर सापडेल अशी जागा उरली नव्हती.

"आजून एक नरी घे रक्ताची. या खेपेले बिनाबर्फाची ने. तूच ने."

"आता चालत नाही. औषध सुरू झालंय."

"कोनं ठरवलं?"

"अभ्यासाचा नियम आहे."

"मंग पत्रक काढा ना," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसण्याने पोट दुखले तशी थांबली. मी तिचा हात धरून बसले. मग ती पुन्हा बोलली, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. "त्याहिले काई बोलू नको. आन त्या बायाईचं काय?"

"कोणत्या?"

"आपल्याकडच्या. त्याहिले घेतील का?"

मी म्हटले, "मी भांडीन."

"तू भांडशील," ती म्हणाली. "ते माईत हाय मले."

मी भांडले. गोरेगावजवळच्या एका बाईला मी आधीच सांगून ठेवले होते. शेतकरी घर, तिचाही आजार तोच. मॅडम दुसरा नमुना घ्यायला तयार होत्या, पण खास नळ्या संपल्या होत्या आणि नव्या मंजूर होईनात. त्या बाईचा मुलगा मला फोन करायचा, "मॅडम, कधी बोलावता?" मी म्हणायची, लवकरच. मग त्याचे फोन कमी झाले. मग बंद झाले. का बंद झाले हे विचारायला मी फोन केला नाही, कारण मला ते समजले होते.

पावसाळा उतरताना, धान निसवून लोंब्या धरायला लागले होते तेव्हा आई गेली. शेवटच्या आठवड्यात ती कोणाशी बोलत नव्हती. दुखणे इतके होते की बोलण्याला जागा उरली नव्हती. सगळ्यांना आवडेल असे काही ती शेवटी बोलून गेली असती तर मी ते इथे लिहिले असते. ती बोलली नाही.

प्रकल्पाची मुदत संपली. अहवाल छापून आला, त्यात माझे नाव आभारात होते. नमुने कुठल्या बायकांचे, तर शहर आणि लगतच्या भागातल्या, असे एका ओळीत लिहिले होते. बाबांनी मला तो अहवाल वाचून दाखवायला सांगितले. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेले. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "यात आपला जिल्हा कुठं हाय?"

"नाही."

"चुकलेल्यांत तरी?"

"चुकलेले नमुने लिहीत नाहीत, बाबा."

पुढच्या मे महिन्यात मी प्रयोगशाळेतली एक जुनी तापमापी घरी नेली होती. कशाला नेली, मला सांगता येणार नाही. पत्र्याखाली ती धरली, पारा चाळिशीच्या पार गेला. मग सहज कोपऱ्यातल्या माठात सोडली. ओल्या फडक्याने गुंडाळलेला तोच माठ, ज्यातले पाणी आईला दिले होते. थोड्या वेळाने काढून पाहिली. पारा मॅडमनी पेनाने लिहिलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये होता. पंधराच्या वर, तिसाच्या खाली. मडके, ओले फडके, झाकण. एवढेच लागत होते. ते त्या दिवशीही घरात होते, नळीपासून चार हातांवर.

बाबा मागे येऊन उभे राहिलेले मला कळले नाही. तापमापी त्यांनी माझ्या हातातून घेतली. आकडा वाचला. त्यांना कोणते दोन आकडे पाहायचे ते माहीत होते, मी कधीतरी रागाच्या भरात सांगून बसले होते. त्यांनी तापमापी पुसली, मला परत दिली आणि अंगणात गेले.

नंतरच्या आठवड्यात ते गोरेगावच्या छापखान्यात जाऊन आले. कितीतरी वर्षांनी पत्रक निघाले होते. पिवळा कागद. 'रक्त नेताना घ्यावयाची काळजी.' उन्हात ठेवू नये. बर्फात ठेवू नये. मीठ घातलेल्या बर्फात कदापि ठेवू नये. ओले फडके गुंडाळलेल्या मडक्यात ठेवून न्यावे. खाली 'पाठविण्याचा पत्ता' असे छापून पुढे जागा कोरी सोडली होती. बाबांच्या आयुष्यातले हे पहिले पत्रक ज्यात एकही मागणी नव्हती.

"बाबा, तो अभ्यास बंद झाला आहे," मी म्हटले.

"माईत हाय."

"मग?"

त्यांनी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला. आम्ही बाजारात गेलो. लहानपणी मी उभी राहिले होते त्याच कोपऱ्यावर ते उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे कागद धरू लागले. मला ओरडता आले नाही. लोक कागद घेत, उलटून पाहत, आणि दुसरी बाजू कोरी आहे हे पाहून खूश होत. एका मिरचीवालीने मात्र तो पूर्ण वाचला. ओठ हलवत, बोट फिरवत, शेवटच्या कोऱ्या जागेपर्यंत.

"हे रक्त पाठवाचं कुठं, भाऊ?"

"आता कुठं नाई," बाबा म्हणाले.

"मंग वाटून कायले राहिले?"

बाबांनी हातातल्या गठ्ठ्यातले आणखी थोडे कागद काढले आणि तिच्या मिरच्यांच्या ढिगाशेजारी ठेवले.

"ठेवा," ते म्हणाले. "मिरच्या बांधाले कामी येतील."